ठपका ठेवणे

आमच्या गावाच्या नावाला ‘जामोद’ हे शेपूट लावावेच लागते. नुसते जळगाव म्हटले की ऐकणाऱ्याचे मन थेट खान्देशात जाते. तिथली केळी, तिथले सोने, तिथले भरीत असे सगळे आठवून तो आपल्याकडे प्रेमाने बघतो, आणि ‘नाही हो, बुलढाण्यातले’ म्हटले की त्याचा चेहरा उतरतो. खरे पाहता जामोद हे जवळचेच एक निराळे गाव. पण त्याचे नाव उसने घेतल्याशिवाय आमची ओळख पटत नाही. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, खाली कपाशीची काळी रानं, आणि रेल्वे धरायची तर नांदुऱ्याला जायचे. इंग्रजांनी 1905 साली आमचा तालुका अकोला जिल्ह्यातून उचलून बुलढाण्यात टाकला, तेव्हाही कुठल्याशा कचेरीत कोणी तरी विचारले असेल, ‘कोणते जळगाव?’

हे सांगायचे कारण एक पाकीट.

साल 1971. मी आठवीत होतो. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून होते. खात्याचे नाव घेत नाही. ते अजून चालू आहे आणि त्यातली आजची माणसे तेव्हा जन्मलीही नव्हती. एका दुपारी बाबा जेवायला घरी आले ते हातात खाकी पाकीट घेऊन. त्यावर त्यांचे नाव, हुद्दा आणि खाली फक्त ‘जळगाव’. टाइप करणाऱ्याने जामोद गाळले होते. त्यामुळे पाकिटावर दोन शिक्के होते, आधी त्या जळगावचा, मग आमचा. आतला कागद तिसरी-चौथी कार्बन प्रत असावा. अक्षरे जांभळट, फुगलेली, प्रत्येक ‘ई’चे पोट शाईने भरलेले. मजकूर जेमतेम दोन ओळींचा. अमुक क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या पत्राच्या संदर्भाने, यू आर हिअरबाय सेन्शर्ड. त्याखाली कोंबडीने पाय उमटवावा तशी सही.

बाबांचे इंग्रजी कामापुरते होते. ‘फॉरवर्डेड’, ‘सबमिटेड’, ‘फॉर फेवर ऑफ ऑर्डर्स’ एवढ्यात त्यांची नोकरी भागत असे. हा एक शब्द अडला. मी वर्गात इंग्रजीत पहिला, म्हणून कागद माझ्या हातात आला. मी तो ठणठणीत आवाजात वाचला, ‘सेन्सॉर्ड’. हा शब्द मला चांगला ठाऊक होता. टुरिंग टॉकीजमध्ये सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर सही-शिक्क्याचे एक सर्टिफिकेट यायचे, आणि ते आले की पोट्टे शिट्ट्या मारायचे. ते सेन्सॉरचे असते हे मोठ्या मुलांनी सांगितले होते. मी म्हणालो, ‘बाबा, तुम्हाला पास केलंय.’

त्या संध्याकाळी आईने शिरा केला.

ती संध्याकाळ मी पन्नास वर्षे बरोबर घेऊन हिंडतो आहे. बाबांनी शिरा दोनदा घेतला. शेजारच्या काकांना ओट्यावर बसवून ‘वरून कागद आला’ एवढेच सांगितले, जास्त नाही, कारण बढाई मारणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पण झोपताना त्यांनी तो कागद उशाशी ठेवला. सकाळी मात्र त्यांना काय वाटले कोण जाणे, शाळेच्या वेळेला ते माझ्याबरोबर निघाले आणि आमच्या इंग्रजीच्या सरांपुढे त्यांनी कागद धरला. सरांनी तो वाचला, पुन्हा वाचला, घडी घातली आणि बाबांकडे न बघता म्हणाले, ‘तुमच्यावर ठपका ठेवला आहे.’

बाबा क्षणभर गप्प होते. मग म्हणाले, ‘पण सर, कायच्याबद्दल?’

‘तेच लिहिलं नाही,’ सर म्हणाले. ‘लिहायला पाहिजे होतं. या क्रियापदाच्या पुढे फॉर येतो.’

ते जनगणनेचे वर्ष होते. सरांनी मार्चमध्ये घरोघर फिरून माणसे मोजली होती. त्यामुळे असेल, मला जवळ बोलावून त्यांनी पाटीवर तीन शब्द लिहून दाखवले, सेन्सस, सेन्सॉर, सेन्शर. म्हणाले, ‘बघ, तिघे भाऊ आहेत. एक मोजतो, एक कापतो, एक दोष देतो.’ माझ्या चुकीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. बाबाही नाही. मला कोणी दोन शब्द सुनावले असते तर बरे झाले असते.

पुढे मी स्वतः इंग्रजीचा मास्तर झालो. दर वर्षी हा शब्द आला की मी तो जरा जास्तच वेळ शिकवायचो. मुलांना वाटायचे, परीक्षेला येणार. शिकवण्यासारखे त्यात आहेही बरेच. उच्चारापासून सुरुवात. सेन्सॉरमधला ‘सॉ’ इथे नाही, ‘शर’ आहे. मग कर्ता. हे क्रियापद कोणालाही वापरता येत नाही. सभागृह, वरिष्ठ, समिती, न्यायासनावर बसलेला माणूस, म्हणजे ज्याला दोष देण्याचा अधिकार आहे त्याच्याच तोंडी ते शोभते. मग कर्म. सेन्शर करायचे ते माणसाला किंवा त्याच्या वागणुकीला. पावसाला, अपघाताला, महागाईला करता येत नाही. आणि शेवटी फॉर, त्याच्या पुढे केलेली चूक, शक्य तर ‘इंग’ लावून. एका मुलीने वाक्य केले होते, माय मदर सेन्शर्ड मी फॉर नॉट ईटिंग. व्याकरण अगदी चोख. मी म्हटले, वाक्य बरोबर आहे पण आई सेन्शर करत नाही, आई रागावते; सेन्शरची कागदोपत्री नोंद राहते. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, माह्या मायपाशी सगळं रेकॉर्ड हाये.’ त्या दिवशी पुढे काही शिकवता आले नाही.

आमच्या भाषेला रागावण्याचे दारिद्र्य कधीच नव्हते. बोलणी खावी लागतात. खरडपट्टी काढतात. कान उघडतात, कान पिळतात, कानपिचक्या देतात. मराठी माणसाच्या कानाने फार सोसले आहे. कोणाला धारेवर धरतात, कोणाला फैलावर घेतात, कोणाची बिनपाण्याने करतात. पोलीस समज देऊन सोडतात. न्यायालय ताशेरे ओढते. चौकातल्या फलकावर निषेध असतो, आणि निषेधाला तर अधिकारही लागत नाही. आमच्या बसस्टँडवर उभे राहून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा जाहीर निषेध करता येतो, पूर्वी झालेला आहे. या सगळ्या भाऊगर्दीत ठपका वेगळा आहे. बाकीची क्रियापदे बघा, काढणे, ओढणे, धरणे, खाणे. सगळी हातघाईची, झाली की संपणारी. आजी माझ्यावर ओरडायची, ‘काऊन रे पोट्ट्या, उन्हात काय करून राह्यला,’ आणि पाचव्या मिनिटाला तीच हातावर गूळ ठेवायची. ठपका मात्र ठेवतात. माणसावर ठेवतात आणि निघून जातात. तो तिथेच राहतो. सरकारी मराठीला आपण पुष्कळ नावे ठेवतो, पण राज्य सरकारच्या 1979 च्या शिस्त व अपील नियमांत शिक्षांच्या यादीत पहिल्याच ठिकाणी ‘ठपका ठेवणे’ असे ज्याने लिहिले, त्याला भाषेचा कान होता.

ही यादी वाचायला हवी. ठपका, मग बढती रोखणे, पगारातून वसुली, वेतनवाढ रोखणे आणि तिथून खाली खाली बडतर्फीपर्यंत. पहिल्या पायरीला एक पैशाचाही भुर्दंड नाही. पगार तोच, खुर्ची तीच. तरीही ती शिक्षाच. केंद्राच्या 1965 च्या नियमांतही तिचे स्थान हेच, किरकोळ शिक्षांमध्ये पहिले. नुसती लेखी ताकीद दिली तर ती शिक्षेत धरत नाहीत, ठपका धरतात. खासगी शाळांच्या 1981 च्या नियमावलीत तर रेप्रिमांड, वॉर्निंग, सेन्शर असे तीन शब्द ओळीने उभे आहेत. आमच्या स्टाफरूममध्ये यांतला फरक काय यावर एकदा अख्खी मधली सुट्टी वाद झाला. शारीरिक शिक्षणाच्या सरांनी निकाल दिला: पहिल्यात साहेब चिडतो, दुसऱ्यात साहेब भीती घालतो, तिसऱ्यात साहेब शांतपणे लिहितो.

आणि लिहिण्याआधी विचारावे लागते. केंद्राच्या त्या नियमांत साफ लिहिले आहे की किरकोळ शिक्षा द्यायची तरी काय आरोप आहे ते लेखी कळवायचे, उत्तर द्यायला वेळ द्यायचा, मगच हुकूम काढायचा. हुकमावर पंचेचाळीस दिवसांत अपीलही करता येते. हे मी वाचले ते बाबा निवृत्त झाल्यावर. 1971 साली बाबांना ते कोणी सांगितले नाही. ‘मोठ्या साहेबाले कोण तोंड देते’ एवढाच नियम त्यांना पाठ होता.

त्या ठपक्यानंतर नऊ दिवसांनी दुसरे पाकीट आले. त्यावरही नुसतेच ‘जळगाव’. आत तेच पत्र होते ज्याच्या संदर्भाने शिक्षा झाली होती. अमुक विवरणपत्र वेळेत का पाठवले नाही, याचा खुलासा सात दिवसांत करावा, न केल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल. सात दिवस केव्हाच उलटून गेले होते. आमच्या घरी शिक्षा आधी आली, प्रश्न मागून आला. विवरणपत्र बाबांनी पाठवले होते; त्याची पोच त्यांच्या फायलीत होती. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले, आणि जेवायला बसले.

पुढच्या वर्षीच्या बढतीच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. त्याचा याच्याशी संबंध होता की नव्हता, हेही कोणी कळवले नाही. त्याच वर्षी, 1972 च्या 15 ऑगस्टला, टपाल खात्याने पिनकोड सुरू केले. त्या जळगावचा 425001, आमचा 443402. बाबा तो आकडा इतक्या हौसेने लिहीत की लग्नपत्रिकेच्या हळदीकुंकवाच्या कोपऱ्यातही एकदा लिहिला होता.

आमच्या गल्लीत एक म्हातारे वकील राहत. बाबांचे प्रकरण त्यांच्या कानावर गेले तेव्हा ते म्हणाले, ‘अहो, तुम्ही काय घेऊन बसलात, आमच्या प्रांताच्या मुख्य प्रधानावर ठपका ठेवला होता, वर्ध्याला.’ ती हकिगत ते रंगवून सांगत. मी नंतर ती कागदोपत्री पाहिली. त्यांनी रंग फारसा चढवलेला नव्हता.

1938 सालचा जुलै. मध्यप्रांत-वऱ्हाडाचे काँग्रेसचे मुख्य प्रधान नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे. मंत्रिमंडळात मराठी आणि हिंदी भाषक महाकोशली असे दोन गट, आणि त्यांची धुसफूस पचमढीच्या समेटानंतरही थांबली नव्हती. 20 जुलैला खऱ्यांनी राजीनामा दिला. गोळे आणि रामराव देशमुख हे वऱ्हाडचे दोघे त्यांच्याबरोबर गेले. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता यांनी पक्षाने सांगितल्याशिवाय राजीनामा द्यायला नकार दिला. गव्हर्नरने त्या तिघांना बडतर्फ केले आणि दुसऱ्याच दिवशी खऱ्यांचे नवे मंत्रिमंडळ उभे राहिले. हे पक्षश्रेष्ठींना न विचारता झाले. श्रेष्ठी तेव्हा वर्ध्याला जमले होते, म्हणजे नागपूरच्या अगदी दारात. खऱ्यांना बोलावणे गेले. 23 तारखेला त्यांनी पुन्हा राजीनामा दिला. चूक कबूल करणाऱ्या एका निवेदनावर सही करा, असे त्यांना सांगण्यात आले. मसुद्यावर गांधीजींचा हात फिरला होता. खऱ्यांनी सही केली नाही. मग कार्यकारिणीने ठराव करून त्यांच्या वर्तनाला दोष दिला आणि पक्षात जबाबदारीचे पद भूषवायला ते अपात्र आहेत असे लिहून ठेवले. शुक्ल मुख्य प्रधान झाले.

आमचे वकील इथे थांबून एक बोट वर करत. म्हणत, ‘पण कारणं लिहिली होती.’ खरे आहे. ठरावात खऱ्यांचे काय चुकले ते एकेक करून मांडले होते. गांधीजींनी नंतर ‘हरिजन’मध्ये लेख लिहून ती कारणे पुन्हा मांडली. आणि कारणे लिहिलेली होती म्हणूनच खऱ्यांना उत्तर देता आले. त्यांनी ‘माय डिफेन्स’ नावाची पुस्तिका काढली आणि आपल्या बाजूने दणकून लिहिले. त्यांचे म्हणणे असे की सांगितलेले कारण एक आणि खरे कारण वेगळे, आणि खऱ्या कारणाला मराठी-हिंदीचा वास आहे. कोण बरोबर, यावर विदर्भातल्या ओट्यांवर पुढची तीस-चाळीस वर्षे वाद झाले. मला स्वतःला वाटते, खऱ्यांची चाल उतावीळ होती आणि गव्हर्नरने तिला दाखवलेली तत्परता तिच्याहून संशयास्पद. पण वाद घालायला जागा होती, ती त्या लिहिलेल्या कारणांमुळे. फॉरच्या पुढे काही तरी होते.

याच प्रांतात त्याच्या चौदा वर्षे आधी दोष देण्याची आणखी मासलेवाईक तऱ्हा झाली होती. 1924 साली स्वराज पक्षाने कायदेमंडळात मंत्र्यांचा पगार कापून वर्षाला 2 रुपये केला. लांबलचक भाषणांपेक्षा हे झोंबले असणार. संसदेत आजही धोरण पटत नसेल तर मागणीची रक्कम कमी करून 1 रुपया करावी अशी कपात सूचना देतात, वंश तोच. आणि संसदेचा दुसरा नियमही मला आवडतो. अविश्वासाच्या ठरावाला कारण द्यावे लागत नाही, सरकार नकोसे झाले एवढे पुरते. निंदाव्यंजक ठराव आणायचा तर मात्र कारण लिहूनच आणावे लागते. विश्वास कारणाशिवाय उडू शकतो. ठपका कारणाशिवाय ठेवता येत नाही.

सरांनी पाटीवर लिहिलेल्या त्या तीन भावांचे मूळ मी कॉलेजात गेल्यावर शोधले. रोममध्ये सेन्सॉर नावाचे दोन अधिकारी असत. दर पाच वर्षांनी ते नागरिकांची मोजदाद करत, आणि मोजता मोजता ज्याचे वर्तन वाईट त्याच्या नावापुढे खूण करत. त्या खुणेशेजारी कारण लिहायची पद्धत होती. पुढच्या मोजणीचे सेन्सॉर ती खूण पुसूही शकत. पाच वर्षांचा ठपका! आमच्याकडे सेवापुस्तक शेवटच्या पगारापर्यंत चालते.

आमच्या तालुक्यातच भेंडवळ आहे. अक्षय्य तृतीयेला तिथे शेतात घट मांडतात. मातीची ढेकळे, वर घागर, पापड, कुरडई, वडा, भोवती धान्याचे दाणे, आणि पानविडा म्हणजे राजाची गादी. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा किती हलला ते पाहून पावसाचे, पिकाचे आणि राजाचे भाकीत सांगतात. टीव्हीवाले येतात, अंधश्रद्धा निर्मूलनवाले टीका करतात, शेतकरी ऐकून घेतात. भाकीत चुकले तरी मसुराच्या दाण्यावर आजवर कोणी ठपका ठेवलेला नाही. जूनमध्ये पाऊस लांबला की सगळा राग हवामान खात्यावर निघतो, कारण हवामान खाते कागदावर लिहून देते. बाबा दरवर्षी भेंडवळला जात. पानविडा जागेवर आहे का एवढेच पाहत, आणि परत येताना म्हणत, ‘राजा पक्का हाये.’ राजा म्हणजे त्यांच्या मनात दिल्लीचा नव्हे, त्यांचा सर्कलचा साहेब असावा असा मला संशय आहे.

बाबा गेल्यावर त्यांची लोखंडी पेटी मी उघडली. विम्याच्या पावत्या, आईचा एकच फोटो, शेतीचे सातबारे, आणि तळाशी वर्तमानपत्राच्या घडीत ती दोन पाकिटे. मला वाटले होते, त्या दोन ओळींच्या कागदावर कुठे तरी काही लिहिलेले सापडेल, एखादा प्रश्न, एखादी खूण, पेन्सिलीचा फराटा तरी. कागद कोरा होता. म्हणजे ठपका सोडला तर कोरा. घड्यांवर तो विरला होता आणि कार्बनची अक्षरे अर्धी उडाली होती. ‘सेन्शर्ड’ मात्र स्वच्छ वाचता येत होते.

मग मी पाकीट उलटले. पत्त्यात जळगावच्या पुढे, टाइपाच्या ओळीला अगदी समांतर, बाबांच्या गोल अक्षरात निळ्या शाईने स्वल्पविराम होता आणि ‘जामोद’. शेजारी, रजिस्टरातली नोंद दुरुस्त केली की कारकून करतो तशी, त्यांची बारीक सही आणि तारीख.